समर्थ रोज कामावर येतो

१

"गणराजभाऊ, तुमचं मशीन मेलेल्या माणसाचे कपडे मोजायला लागलंय. एकतर भूत घेऊन जा, नाहीतर मशीन घेऊन जा."

चिखलीच्या भिवाभाऊंचा हा फोन आला तेव्हा मी भोसरीच्या पुलाखाली वडापाव खात होतो. तक्रारी मी हरतऱ्हेच्या ऐकल्या आहेत. मशीन चालत नाही, मशीन जास्त चालतं, मशीन उंदरांनी खाल्लं. भुताची ही पहिलीच.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी टॅग विकतो. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरची पट्टी ओळखून फाटक उघडतं ना, त्याच जातीचे. बॅटरी नाही, वायर नाही, नुसती रेडिओच्या लहरींची करामत. गाईच्या कानात लावा, ग्रंथालयाच्या पुस्तकात चिकटवा, औषधाच्या खोक्यावर लावा, हॉस्पिटलच्या चादरीत शिवा. रीडर नावाच्या यंत्राजवळून जाताना टॅग आपला नंबर सांगतो आणि माल कुठे आहे ते मालकाला बसल्या जागी कळतं. चोरी कमी, मोजदाद झटपट, भांडणं बंद. हे मी झोपेतही बडबडतो असं बायको म्हणते, आणि तिचं म्हणणं खोटं नसावं.

चाकणच्या एका कंपनीने असेच टॅग घेतले होते. तिथे गाड्यांचे पुढचे दिवे बनतात. दिव्याच्या काचेआड कापडाचा एक धागा जरी गेला तरी दिवा बाद. म्हणून जुळणीच्या खोलीत सगळे आकाशी रंगाचे, धागा न सोडणारे मऊ कोट घालतात. कोट घरी न्यायचा नाही. शिफ्ट संपली की तो गोळा होतो आणि दर शुक्रवारी भिवाभाऊंच्या लाँड्रीत धुवायला येतो. पूर्वी कोट हरवायचे, मग कंपनी लाँड्रीला बोल लावायची आणि लाँड्री कंपनीला. आम्ही प्रत्येक कोटाच्या शिवणीत काडीएवढा लवचीक टॅग शिवला. ट्रॉली रीडरच्या कमानीखालून गेली की कुणाचा कोट आला आणि तो किती वेळा धुऊन झाला ते पडद्यावर दिसतं. विरायला आलेला कोट आधीच बाजूला काढता येतो. सगळे खूश होते, मी तर फारच.

आणि आता पडद्यावर समर्थ मुंगसेचं नाव येत होतं. समर्थ गेल्या वर्षी कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला होता. तिशीही गाठली नव्हती पोराने.

"ट्रॉली उलटी केली," भिवाभाऊ आम्हाला लाँड्रीत सांगत होते. "एकेक कोट बघितला. सगळे जित्या माणसांचे. समर्थचा कोट नाही, पण मशीन म्हणतं आहे. दर शुक्रवारी हेच. दोघी बायका चाकणच्या ट्रॉलीला हात लावायला तयार नाहीत."

कमानीच्या पायाशी कुणीतरी उदबत्ती लावली होती. मला हसू येत होतं, पण ते दाबलं, कारण शेजारी विजयश्रीताई उभ्या होत्या.

विजयश्रीताई आमच्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअर. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती ड्रेस, डोक्यावर सरकवलेला चष्मा. मी विकायचं आणि त्यांनी निस्तरायचं अशी आमची वाटणी आहे. कुणाकडेही गेल्या तरी आधी जेवलात का विचारतात, आणि माणूस काय जेवला ते सांगता सांगता बाकीचंही सांगून टाकतो.

"भिवाभाऊ, चाकणहून कोटांशिवाय आणखी काय येतं?" त्यांनी विचारलं.

"कँटीनची फडकी, पडदे, पाळणाघरातल्या चादरी, असलं. त्यांना टॅग नसतात. ट्रॉली कमानीखालून आत आली की ते गाठोडं आधी बाजूला काढतो आणि मग कोट तपासतो."

"बरोबर करता," ताई म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. "टॅग खोटं बोलत नाही, गणराज. पण तो फक्त स्वतः कुठे आहे तेवढंच सांगतो. उद्या चाकणला जाऊ. कोट इथे येत असेल तर तिथून निघतही असेल."

२

कंपनीच्या सुरक्षेचे प्रमुख अर्जुनराव लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घर देहूरोडला. मिशा आणि बूट दोन्ही चकाकत होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि खुर्चीत ताठ बसले.

"कामगारांच्या गेटवर तुमचाच रीडर आहे," ते म्हणाले. "कोट बाहेर निघाला की तो बोंबलतो. समर्थच्या कोटासाठी एकदाही बोंबलला नाही."

"बोंबलणार नाही," ताई म्हणाल्या. "तो वारल्यावर तुम्ही त्याचा टॅग यादीतून बंद केलात. बंद टॅगवर रीडर ओरडत नाही. पण त्याला ऐकू तर येतंच."

त्यांनी लॅपटॉप जोडला आणि गेटच्या रीडरने ऐकलेलं सगळं उघडलं. त्या एकेक ओळ खाली सरकवत राहिल्या. अर्जुनरावांनी दोनदा घसा साफ केला.

"सहा महिने होऊन गेले," ताई शेवटी म्हणाल्या. "समर्थ रोज कामावर येतो."

मी पडद्याकडे पाहिलं. कधी सकाळी, पण धुण्याचे दिवस सोडले तर दररोज संध्याकाळी, तोच नंबर. रविवारी सुट्टी. माझ्या अंगावर काटा आला. मी उदबत्तीला मनातल्या मनात हसलो होतो त्याचं जरा वाईट वाटलं.

अर्जुनरावांच्या अंगावर काटा वगैरे आला नाही. ते उठून उभे राहिले.

"म्हणजे मेलेल्या माणसाचा कोट घालून कुणीतरी माझ्या गेटमधून आत येतंय. आणि कोट कुणाकडे गेला ते मला माहीत आहे. समर्थला हॉस्पिटलमध्ये स्वराज घेऊन गेला होता. त्याचा जिगरी दोस्त. समर्थच्या अंगावर कोट होता. परत आल्यावर स्वराजने लेखी दिलं की डॉक्टरांनी कोट कापून टाकला." त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "कापलेला कोट चालत येतो काय? पोरगं इतकी वर्षं कंत्राटावर आहे. त्याची कायमची ऑर्डर उद्या सहीला जाणार आहे. मी ती अडवणार. कायम सोडा, उद्यापासून तो गेटच्या आत येणार नाही."

"मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," ताई म्हणाल्या.

"दिला. पण त्यानं काय फरक पडणार आहे?"

३

स्वराज दुपारच्या पाळीला नुकताच आला होता. कुरुळीचा शेतकरी घरातला पोरगा, रुंद खांद्याचा, पण आमच्यासमोर कँटीनच्या बाकावर अंग चोरून बसला.

"जेवलास का?" ताईंनी विचारलं.

"व्हय. भाकरी आन मेथी."

"कोणी केली?"

"आईनं. बहिणीचं लगीन ठरलंय, तिला आता चुलीपाशी जाऊ देत न्हाईत." तो थोडा सैलावला. "ऑर्डर झाली की तारीख धरायची असं ठरलंय. कंत्राटी भावाची बहीण म्हणलं की समोरचे बी पाठ दाखवत्यात. तुमी टॅगवाल्या ना?"

"हो. समर्थच्या कोटाचं विचारायला आलेय."

त्याचं सैलावणं तिथेच थांबलं. "डॉक्टरांनी कापला."

"कापलेला कोट रोज गेटमधून येतोय, स्वराज. उद्या तुझी ऑर्डर अडणार आहे."

  मग त्याने दोन्ही तळहात मांडीवर घासले.

"अडू द्या," तो म्हणाला. "मी खोटं लिहिलं, मान्य हाय. कापला नव्हता. पर कुणाला दिला ते मी सांगणार न्हाई. तुमी फार खोदू नका, ताई. एका माणसाला लई लागंल."

"तुझी नोकरी जाईल."

"समर्थ माझ्या हातावर गेला. त्याच्यापुढं नोकरी काय?"

तो उठून कामावर गेला. मला वाटलं, संपलं. ताई मात्र चहा ढवळत बसल्या, साखर कधीच विरघळली होती तरी.

"हा नव्हे," त्या म्हणाल्या. "याची पाळी आठवड्याला बदलते. कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. कोट मात्र कायम ऑफिसच्या वेळेला येतो-जातो. याने कोट कुणाला तरी दिला. हॉस्पिटलमध्ये मेलेल्या मित्राचे कपडे हातात आले तर आपण ते कुणाला देऊ, गणराज?"

"घरी. आईला."

आम्ही केबिनमध्ये जाऊन विचारलं तेव्हा अर्जुनरावांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही फारच उशिरा विचारलं.

"समर्थची आई? पुतळाबाई? ती इथेच आहे की. पोरगा गेल्यावर कंपनीने तिला पाळणाघरात कामाला घेतलं. ऑफिसच्याच वेळेला येते." ते स्वतःच बोलता बोलता थांबले, आणि मग मान हलवली. "पण ती नव्हे. तिची पिशवी माझ्या गेटवरच्या बाया रोज तपासतात. आणि दिवाळीनंतर ती भावाकडे जाऊन राहिली होती. तेव्हा काय झालं ते बघा."

ताईंनी पाहिलं. पुतळाबाई रजेवर होत्या. कोट रोज आला होता.

४

पाळणाघर कँटीनच्या मागे आहे. भिंतीवर हत्ती आणि मोर रंगवलेले, खाली सतरंजीवर पाच-सहा पोरं पसरलेली. पुतळाबाई एका बाळाला पायांवर घेऊन थोपटत होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात. नऊवारी साडी, कोपरापर्यंत गोंदण, आणि पोरं आजूबाजूला असली की खुलणारा चेहरा.

ताई शेजारी सतरंजीवर बसल्या. जेवणाचं विचारून झालं. मग म्हणाल्या, "मावशी, समर्थचा कोट स्वराजने तुम्हाला आणून दिला ना?"

थोपटणारा हात थांबला नाही. "दिला व्हता. आता माझ्यापाशी न्हाई."

"कुठे आहे?"

"दिला." त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

तेवढ्यात दारात एक तरुण बाई आली. स्टोअरमध्ये काम करणारी मोनिका. मूळची लातूरकडची, नवरा भोसरीत वेल्डर. तिने चपला काढल्या, मावशींच्या पायांवरचं बाळ उचललं, कोपऱ्यात पाठमोरी बसून पाजू लागली. जाताना तिने बाळाच्या अंगाखालचं दुपटं मावशींच्या हातात दिलं. "हे उद्याच्या धुण्यात टाका, मावशी." मावशींनी ते नीट घडी करून बाजूला ठेवलं. बाहेर पडता पडता मोनिका सहज म्हणाली, "आन समर्थभाऊ आज कोणत्या पाळीला हाय?"

"रात्रपाळीला हाय गं," पुतळाबाई म्हणाल्या. "घरी झोपलाय."

मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. मोनिका गेली. खोलीत पोरांचा श्वास ऐकू येत होता.

"तिला माहीत नाही?" ताईंनी हळू विचारलं.

पुतळाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "ती नवी आली तवा मला म्हणाली, मावशी, तुमाला मुलगा हाय का, काय करतो? मी म्हणलं, हाय, इथंच दिव्यात हाय. तोंडातनं निघून गेलं. मंग माघारी घेता आलं न्हाई. ती रोज इचारती. मी सांगती. आज दिवसपाळी, आज रात्रपाळी, आज त्याला पिठलं केलं व्हतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "बाकी समदी माझ्याकडं बघून डोळं खाली घालत्यात. तेवढ्या एका माणसासाठी माझा पोरगा जिता हाय, ताई. तेवढं माझं काढून घेऊ नका."

 टॅगचे फायदे सांगताना मी ही बाजू कधी कुणाला सांगितली नव्हती.

 ताईंनी मग अगदी साधा प्रश्न विचारला. "मोनिकाचं बाळ रोज येतं?"

"रोज. मदी आठवडाभर ताप व्हता तवा तेवढं न्हाई आलं."

"कधी?"

"संक्रांतीच्या आधी."

ताई उठल्या. बाहेर आल्यावर त्यांनी भिंतीला टेकून लॅपटॉप उघडला, एकदाच पाहिला आणि मिटला.

"सापडला," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र सापडल्यासारखा नव्हता. "गणराज, स्वराजची नोकरी वाचवायची तर या बाईंचा मुलगा मला दुसऱ्यांदा मारावा लागणार."

५

सकाळी अर्जुनरावांच्या केबिनमध्ये स्वराज भिंतीपाशी उभा होता. ऑर्डर टेबलावर होती, सही व्हायची होती.

"बोला," अर्जुनराव म्हणाले. "कोण घालतं कोट?"

"कुणीच नाही," ताई म्हणाल्या. "मला पहिली शंका गेटवर आली. हा टॅग सकाळी क्वचितच ऐकू येतो आणि संध्याकाळी हमखास. माणसाच्या अंगात पाणी असतं, ते रेडिओच्या लहरी गिळतं. टॅग अंगाशी घट्ट दाबला गेला की मुका होतो. कोट अंगात घातला असता तर सकाळ-संध्याकाळ सारखंच ऐकू आलं असतं. इथे तसं नाही. म्हणजे सकाळी कुणीतरी ती वस्तू छातीशी कवटाळून आत येतं, आणि संध्याकाळी ती खांद्यावर सैल टाकून बाहेर जातं."

अर्जुनरावांच्या कपाळावर आठी पडली. स्वराज खाली बघत होता.

"लाँड्रीत तो कोट कोटांमध्ये सापडत नाही. का? कारण भिवाभाऊ बिनटॅगचं गाठोडं आधीच बाजूला काढतात, आणि तो त्या गाठोड्यात असतो. कारण तो आता कोट राहिलेलाच नाही. स्वराज नव्हे, त्याची पाळी बदलते. पुतळाबाई नव्हेत, त्या रजेवर असतानाही तो आला. पण संक्रांतीच्या आधी एक आठवडा तो आला नाही, आणि त्याच आठवड्यात पाळणाघरातलं एक बाळ तापामुळे घरी होतं. सकाळी आई त्या बाळाला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरून आणते. संध्याकाळी बाळ जागं असतं, कडेवर बसतं, आणि दुपटं खांद्यावर. समर्थच्या कोटाचं दुपटं झालंय, साहेब. मोनिकाच्या बाळाचं."

मी तोंड उघडून बसलो होतो. अर्जुनराव मात्र वेगळ्याच विचारात होते.

"तिची आधीची लेकरं गेली होती का?" त्यांनी एकदम विचारलं.

"व्हय, दोन," स्वराज भिंतीपाशीच उभा राहून म्हणाला. "लाइनवरच्या बायका सांगत व्हत्या."

"मग तिने पाच घरचं मागितलं असणार." अर्जुनराव खुर्चीत मागे टेकले. प्रथमच त्यांची पाठ वाकलेली दिसली. "लेकरं जगत नसली की नव्या बाळाला आपलं काही घालत नाहीत. पाच घरी पदर पसरून जुनं कापड मागतात आणि ते शिवून त्यात गुंडाळतात. मागून आणलेलं लेकरू देव नेत नाही म्हणतात. मलाही माझ्या आईने तसंच वाढवलंय. माझ्या आधीचे तिघे गेले होते." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ती पोरगी परमुलखातली, कुणाचं घर ओळखीचं नाही. कंपनीतल्याच बायांकडे मागितलं असेल."

"आणि पुतळाबाईंना म्हणाली असेल, तुमच्या मुलाचं एखादं कापड द्या," ताई म्हणाल्या. "कारण तिच्या लेखी तो जिवंत होता. त्यांना नाही म्हणवलं नाही. कोटाचं पाठीचं मऊ कापड आतल्या थराला गेलं, म्हणून आकाशी रंग कुणाला दिसला नाही. शिवणीतला टॅग तसाच राहिला, कुणाच्या लक्षातही आला नसेल."

अर्जुनरावांनी ऑर्डर उचलली आणि स्वराजकडे पाहिलं. "खोटं लिहून दिलंस."

"व्हय साहेब."

"मला येऊन सांगायचं होतंस. मी काय राक्षस आहे?"

साहेबांनी ऑर्डर पुन्हा टेबलावर ठेवली. "कोट निकामी म्हणून मी लिहून टाकतो. ऑर्डर सहीला जाऊ दे. बहिणीच्या लग्नाला बोलव." मग ते ताईंकडे वळले. "पण टॅग मला त्या दुपट्यात ठेवता येणार नाही. उद्या दुसरं कुणी तपासलं तर त्या पोरीवर बालंट येईल. शिवण उसवून काढा. कशासाठी ते तिला सांगावं लागणार."

तिला सांगायचं म्हणजे बाळ मेलेल्या माणसाच्या कापडात झोपतं हे सांगायचं. आणि ज्या एका माणसासाठी पुतळाबाईंचा मुलगा जिवंत होता, तेही संपवायचं. केबिनमध्ये कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"चला," ताई म्हणाल्या. चालताना त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "एवढंसं दुपटं. कुठलीही आई नळाखाली घटकाभरात धुऊन टाकेल. काल मोनिकाने बाळाचं बाकी काहीच धुण्यात दिलं नाही. मग हे एकच दर शुक्रवारी लाँड्रीला का पाठवते?"

६

धुण्याचं गाठोडं पाळणाघराच्या दाराशी बांधून ठेवलं होतं. मोनिका नाश्त्याच्या सुट्टीत बाळाला पाजायला आली होती. आम्हा दोघांना पाहून पुतळाबाई उभ्या राहिल्या. त्यांना कळलं असावं.

ताईंनी मोनिकाला सांगितलं की दुपट्याच्या शिवणीत कंपनीची एक पट्टी राहिली आहे, ती काढायची आहे. एवढंच सांगितलं. पुढचं त्यांच्याने बोलवेना. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी असं अडखळताना पाहिलं नव्हतं.

मग पुतळाबाईच पुढे आल्या. "मोनिका, ते कापड कोटाचं हाय. माझ्या समर्थच्या. आन समर्थ..." त्या थांबल्या. 

"मावशी," मोनिका म्हणाली. "मला ठाऊक हाय."

पुतळाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळालं होतं. स्टोअरमधल्या बायांनी सांगितलं की." मोनिकाने बाळाला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "पर मी तुमाला विचारलं तर तुमी म्हणालात, हाय. तुमचं तोंड एवढं उजळलं, मला वाटलं, आपण कशाला मोडायचं? मग मी रोज विचारत गेले."

"ठाऊक असताना तू त्याचं कापड लेकराला घातलंस?" पुतळाबाईंचा आवाज फाटला. "मेलेल्याचं?"

"तुमीच दिलं की. माझी दोन गेली, मावशी. पाच जणींकडं मागितलं, चौघींनी कपाटाच्या तळाचं काढून दिलं. तुमी घरातलं शेवटचं होतं ते दिलं. मला कळत नव्हतं का ते?" तिचे डोळे भरले होते, पण बोलणं सरळ होतं. "सासू म्हणाली, फेकून दे, अशुभ हाय. मी न्हाई फेकलं. ह्यातच तो वाढला. बघा की केवढा झालाय."

बाळाने ढेकर दिली. कुणी हसलं नाही, पण खोलीतला ताण थोडा उतरला.

"लाँड्रीला का पाठवतेस?" ताईंनी विचारलं. त्यांना उत्तर कळलं होतं असं मला वाटतं. तरी ते मोनिकाच्या तोंडून यावं असं त्यांना वाटत असणार.

मोनिका लाजली. "शनिवारी इस्त्री होऊन इथं येतं. गाठोडं मावशी सोडतात. तेवढं एक बाहेर काढून मांडीवर घेऊन बसतात, कुणी नसलं की. मी दारातून बघितलंय. घरी धुतलं असतं तर असं मोकळं, बाळाशिवाय, त्यांच्या मांडीवर आलंच नसतं."

पुतळाबाई मटकन सतरंजीवर बसल्या. पदर तोंडात कोंबला तरी हुंदका बाहेर आलाच. मीही खिडकीकडे तोंड केलं. सांगायला लाज कसली, रडलो.

ताईंनी गाठोडं सोडून दुपटं काढलं, पर्समधल्या कात्रीने शिवण थोडीशी उसवली आणि काडीएवढी पट्टी ओढून काढली. सुई त्यांच्याकडे नव्हती. पुतळाबाईंनी आपल्या पिशवीतून सुई-दोरा काढला, डोळे पुसले, आणि उसवलेली जागा बारीक टाक्यांनी पुन्हा शिवली. दोरा दातांनी तोडला. मग दुपटं मोनिकाकडे धरलं.

मोनिकाने ते घेतलं नाही. त्यांच्या मांडीवरच अंथरलं आणि बाळाला त्यावर ठेवलं. स्वतः त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

नाश्त्याची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ती उठली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "आता खरं सांगा की. कसा होता? काय झालं त्या दिवशी?"

पुतळाबाई बाळाकडे बघत राहिल्या.  ताईंनी माझा दंड धरला आणि आम्ही चपला घालू लागलो.

"कुणी इचारलंच न्हाई आजवर," मागून आवाज आला. "त्या दिशी सकाळी आमचं भांडण झालं व्हतं. डबा तिथंच टाकून गेला. मी बी हाक मारली न्हाई."

मोनिकाने त्यांचा हात धरला. मी दार हळूच ओढून घेतलं.